डाव्या बाजूचा स्क्रू

करूळ घाटात, मधल्या मोठ्या वळणावर, माझी गाडी तिसऱ्यांदा बंद पडली; आणि या खेपेला माझ्या मागून वामनकाका येत होते.

मी ब्रेक दाबला नव्हता. गॅसची मूठ सोडून, दुसऱ्या गिअरवर, उतार उतरत वळण घेत होते. इंजिनाचा आवाज एकदम गेला, मागचं चाक आखडलं आणि गाडी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. दोन्ही पाय टेकवून मी तोल सावरला. मागून टायर घासल्याचा आवाज आला आणि मग लोखंड डांबरावर आपटल्याचा. वळून बघितलं तर काकांची गाडी आडवी झालेली, आणि काका कठड्याला पाठ लावून बसलेले. डावं मनगट त्यांनी उजव्या हातात असं धरलं होतं, जणू ते दुसऱ्या कुणाचं होतं.

"काका, लागलं का?"

"ती गाडी बंद कर आधी," ते म्हणाले.

माझी बंदच होती. त्यांची आडवी पडूनही धडधडत होती. मी धावत जाऊन तिची चावी फिरवली.

तोवर पुढं गेलेले सगळे वर परत आले. पहिला इंदरदादा. इंद्रजित सरनोबत हा माझ्या नवऱ्याचा थोरला आतेभाऊ आणि आमच्या कोल्हापूरच्या मोटरसायकल ग्रुपचा म्होरक्या. गाड्या घेऊन कुठं जायचं, कधी निघायचं, कुणी कुणाच्या मागं राहायचं, हे तोच ठरवायचा. त्यानं काकांचा हात बघितला, मग माझ्याकडं वळला.

"ऊर्मिला, तुला साळवणला काय सांगितलं होतं? वळणावर मूठ पूर्ण सोडायची नाही. ट्विन आहे ती. स्कूटर नाही."

"दादा, गाडीतच काहीतरी आहे. मी सकाळपासून सांगतेय."

"गाडीत काही नाही. हात बसायला लागतो."

मागून प्रसन्ननं, ग्रुपमधल्या सगळ्यात धाकट्यानं, मला समजुतीच्या सुरात सांगितलं, "वहिनी, क्लच सोडताना जरा गॅस द्यायचा असतो."

माझा नवरा धैर्यशील काकांच्या जवळ उकिडवा बसून त्यांचा हेल्मेटचा पट्टा सोडवत होता. त्यानं वर बघितलं नाही.

मी वडिलांची राजदूत चालवायला शिकले तेव्हा हा प्रसन्न जन्मलाही नसेल. शिरोलीच्या एका कारखान्यात मी टेस्ट बेडवर काम करते. तयार झालेलं डिझेल इंजिन चालवून बघायचं, त्याचा आवाज, धूर, थरथर तपासायची आणि मगच ते बाहेर सोडायचं. तिथं मी 'थांबा' म्हटलं की अख्खी लाइन थांबते, का म्हणून कुणी विचारत नाही. ग्रुपमध्ये मात्र मी वहिनी. दोन सिलिंडरची ती ट्विन गाडी मी स्वतःच्या पगारातून घेतली होती आणि वर्षभर ती मला हवी तशी चालत होती. त्या सकाळी रंकाळ्यापासूनच हँडलमध्ये एक विचित्र थरथर होती. साळवणला चहाला थांबलो तेव्हा माझे दोन्ही तळहात बधिर झाले होते. मूठ सोडली की इंजिन डचमळायचं आणि कधी तग धरायचं, कधी मरायचं. तेच मी इंदरदादाला सांगितलं होतं, आणि त्यानं कपातला चहा संपवत मला ट्विन कशी चालवायची ते शिकवलं होतं.

पण घाटात काकांचा सुजत चाललेला हात बघितला आणि माझी मलाच खात्री वाटेनाशी झाली. खरंच मी मूठ लवकर सोडली असेल. खरंच वळण चुकलं असेल.

वामनकाका खोत म्हणजे निवृत्त एसटी ड्रायव्हर. आमच्यातले सगळ्यात वडीलधारे, आणि त्यांच्याशिवाय ग्रुपची कुठलीच सफर निघायची नाही. कणकवलीत त्यांची पुतणी राहायची. एका जीपमधून काकांना तिथं आणलं, माझी गाडी अडखळत मागून आली, आणि पुतणीनं ओळखीच्या डॉक्टरांकडं नेलं. मनगटाचं हाड मोडलं होतं. प्लास्टर घातलं जात असताना मी बाहेरच्या बाकावर बसले होते. धैर्यशीलनं काकूंचा नंबर लावून फोन माझ्या हातात दिला.

"तूच बोल," तो म्हणाला. "तुझ्याकडून ऐकलं की त्यांना बरं वाटेल."

मालनकाकूंना सगळं आधीच कळलं होतं. इंदरदादानं फोन केला होता.

"तू म्हणं मधीच थांबलीस," काकू म्हणाल्या. "काय गं बाई, मागं माणूस हाय का न्हाई, बघायचं तरी."

"चुकलं काकू," मी म्हणाले. "माझ्यामुळं झालं. मला माफ करा." आणि मला रडू फुटलं. दवाखान्यातल्या पेशंटांसमोर मी, पस्तिशीची बाई, हुंदके देऊन रडले. धैर्यशील माझ्याशेजारी उभा होता. समोरच्या औषधाच्या दुकानाची पाटी वाचत होता.

बाहेर आल्यावर इंदरदादानं निकाल सांगितला. बाकीचे ठरल्याप्रमाणं मालवणला मुक्कामाला जाणार. धैर्यशील आणि मी काकांसोबत पुतणीकडं राहायचं. माझी गाडी सोमवारी टेम्पोतून कोल्हापूरला.

"थेट माझ्याकडं उतरवा, मी बघतो," तो म्हणाला. "ऊर्मिला बसनं जाईल. आणि हे बघ, राग मानू नकोस, पण उन्हाळ्यातल्या स्पितीच्या सफरीचं तू आता डोक्यातून काढ. तिथं चूक झाली तर हात मोडून भागत नाही."

स्पितीसाठी, हिमालयातल्या त्या सफरीसाठी, मी दिवाळीलासुद्धा रजा घेतली नव्हती. तरी मी मान हलवली. त्या वेळी त्यानं मला पुन्हा कधीच गाडीवर बसू नकोस म्हटलं असतं, तरी हलवली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जागी झाले ती मात्र वेगळ्याच विचारानं. तळहात. माझे तळहात बधिर का झाले होते? वळण चुकल्यानं कुणाचे तळहात बधिर होत नाहीत. मूठ लवकर सोडली म्हणून हँडल थरथरत नाही. कारखान्यात एखादं इंजिन असं थरथरलं असतं तर मी ते चालवणाऱ्याला दोष दिला असता का?

कणकवलीत हायवेला लागून बाबल मेस्त्रींचं गॅरेज होतं. रविवार असूनही उघडं होतं. मी गाडी ढकलत तिथं नेली. धैर्यशील मागून आला.

"काय करतेस?"

"उघडून बघते."

"कशाला उचकतेस? उद्या टेम्पो येतोय. इंदर बघणार आहे ना?"

"माझी गाडी आहे. मी बघते."

"ऊर्मी, रस्त्यात काही बिघडलं तर? राहू दे ना. एक दिवसाचा प्रश्न आहे."

त्याच्या आवाजात काळजी होती, पण ती माझी नव्हती आणि गाडीचीही नव्हती. मला तेव्हा ते नीट उमगलं नाही. इतकंच वाटलं, हा एवढा अडवतोय कशाला.

बाबल मेस्त्रींनी गाडीभोवती एक चक्कर मारली. "माका ह्या मशिनीचा काय ठावक नाय," ते सरळ म्हणाले. "पण जागा घेवा, हत्यारा घेवा. काय व्हया ता सांगा."

मी सीट उतरवली, टाकी उचलून बाजूला ठेवली आणि खाली वाकले.

दोन सिलिंडरांच्या इंजिनात हवा आत जायला दोन नळकांडी असतात. त्यांना थ्रॉटल बॉडी म्हणतात. प्रत्येकात एक पातळ गोल झडप. मूठ पिळली की दोन्ही झडपा अगदी सारख्या उघडल्या पाहिजेत, आणि मूठ सोडली की सारख्याच मिटल्या पाहिजेत. त्यांचं हे जुळणं म्हणजे सिंक. ते बिघडलं की दोन्ही सिलिंडर एका ताकदीनं काम करत नाहीत, इंजिन थरथरतं, आणि हळू चालताना, मूठ सोडल्यावर, कुठल्याही क्षणी मरतं. हे जुळवणारा एक बारीक स्क्रू असतो. तो कुणी छेडू नये म्हणून कारखान्यातच त्याच्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका देतात. ठिपका अखंड असला म्हणजे स्क्रू हललेला नाही.

माझ्या गाडीवरचा ठिपका फुटला होता. अर्धा स्क्रूच्या डोक्यावर, अर्धा कडेला, आणि दोन्ही अर्ध्यांची तोंडं दोन दिशांना. खाचेत ताजे, चकचकीत ओरखडे होते. मापात न बसणारा पेचकस कुणीतरी जोर लावून फिरवला होता.

मी बोटानं ते ओरखडे चाचपले. पाठीमागं धैर्यशील होता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

वर्षभर ही गाडी फक्त कंपनीच्या सर्व्हिसला गेली होती, आणि त्यानंतर मी ती रोज चालवली होती. आधीच्या आठवड्यात मी निपाणीला माहेरी होते. सफरीच्या आदल्या रात्री परत आल्यावर धैर्यशील म्हणाला होता, इंदर येऊन गेला, तुझ्या गाडीचा फिल्टर साफ करून गेला. मी इंदरदादाला आभाराचा फोनही केला होता.

मी उठले. बाबल मेस्त्रींना विचारलं, "पारदर्शक नळी आहे? लांब?"

त्यांच्याकडं नव्हती. मी दवाखान्यात गेले आणि कंपाउंडरकडून सलाईनच्या नव्या नळ्या मागून आणल्या. त्या जोडून एका फळीवर इंग्रजी यू अक्षरासारख्या वळवून ठोकल्या. आत पॉवर स्टिअरिंगचं लाल तेल थोडंसं ओतलं. मग थ्रॉटल बॉडींवरच्या रबरी टोप्या काढून एक टोक डाव्या तोंडाला लावलं, एक उजव्या. दोन्हीकडं ओढ सारखी असली तर तेल दोन्ही बाजूंना एका पातळीत राहतं. कमी-जास्त असली तर जिकडं ओढ जास्त तिकडं ते चढतं; आणि झडप जितकी मिटलेली, तितकी ओढ जास्त. कारखान्यात ओढ मोजायला चांगली घड्याळं आहेत, पण तत्त्व तेच.

"फळी धर," मी धैर्यशीलला म्हणाले. "आणि नळी चिमटीत दाबून ठेव. मी सांगितल्यावर हळूहळू सैल कर. एकदम सोडलीस तर तेल इंजिनात जाईल."

त्यानं मुकाट्यानं धरली. टाकी बाजूच्या स्टुलावर ठेवून तिची नळी जोडली होती. मी गाडी चालू केली. ती नेहमीसारखी चालली नाही. खोकत, अडखळत, एक ठोका घेत आणि एक गाळत चालली.

"सोड."

त्यानं चिमूट सैल केली आणि डाव्या बाजूचं लाल तेल सरसर वर चढत गेलं. बाबल मेस्त्री जवळ येऊन बघायला लागले. डावी झडप जवळजवळ मिटलेली होती.

मी पेचकस स्क्रूला लावला आणि तेलाकडं बघतच विचारलं, "इंदरदादानं काय काय उघडलं होतं?"

"फिल्टर."

"फिल्टरला टाकी काढावी लागत नाही."

इंजिन खोकत राहिलं.

"टाकी काढली होती," तो म्हणाला.

"पुढं?"

"त्याला वाटलं, उघडलंच आहे तर थ्रॉटल बॉडी पण साफ करू. तुझ्यासाठीच गं. घाटात जायचं होतं म्हणून."

"आणि स्क्रू?"

"रेस जरा जास्त वाटतेय म्हणाला."

मी स्क्रू किंचित फिरवला. तेल थोडं उतरलं.

"नंतर चालवून बघितली का?"

"बघितली. पाचगावच्या चढाला."

"मग?"

मी वर बघितलं. त्याचं तोंड घामानं चमकत होतं.

"मग काय झालं, धैर्यशील?"

"दोनदा बंद पडली."

"कुणाच्या हातात?"

"त्याच्याच."

बाबल मेस्त्री हळूच उठले आणि दुकानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन एका चाकाशी खुडबुड करायला लागले.

"काय म्हणाला तो?"

"म्हणाला, ट्विन आहे, चालायचंच. ऊर्मिलाला सवय होईल."

"आणि काल? घाटात?"

"काल त्यानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, आत्ता हा विषय काढलास तर ग्रुप फुटेल. काकांचं झालंय ते झालंय. सोमवारी गाडी माझ्याकडं आण, मी गुपचूप लावून देतो. कुणाला कळायचं नाही."

"मला पण?"

"मी सांगणार होतो, ऊर्मी. घरी गेल्यावर सांगणार होतो. तो थोरला आहे. सगळ्यांसमोर त्याला मी कसं—"

"आणि मी सगळ्यांसमोर होते त्याचं काय?"

फळी कलली. तेल हिंदकळलं.

"फळी हलवू नकोस," मी म्हणाले.

पेचकस त्याच्या अंगावर भिरकावून चालतं व्हावं असं वाटत होतं. पण काम अर्धं होतं, आणि अर्धं काम सोडून मी आजवर कधी उठले नाही. दात आवळून स्क्रू फिरवत राहिले. थोडा इकडं, थांबायचं, बघायचं. थोडा तिकडं. तेल उतरत आलं, दुसरीकडचं चढत आलं, एकमेकांना ओलांडून गेलं, मग परत फिरलं. शेवटी दोन्ही बाजू एका रेषेत आल्या आणि तिथंच हलकेच डुलत राहिल्या. इंजिनाची खोकखोक कधी थांबली ते कळलंसुद्धा नाही. गुरगुर एकसारखी झाली. मूठ पिळून सोडली. पुन्हा पिळून सोडली. नाही मेलं.

एरवी अशा वेळी मला आनंद होतो. त्या दिवशी माझे कान तापले होते. काल याच माणसानं नंबर लावून फोन माझ्या हातात दिला होता. तुझ्याकडून ऐकलं की त्यांना बरं वाटेल, म्हणाला होता.

दुपारी सगळे मालवणहून परतले आणि पुतणीच्या अंगणात गाड्या लावल्या. इंदरदादा काकांसाठी एक मोटारही ठरवून घेऊन आला होता. काका ओटीवर प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून बसले होते. माझी गाडी अंगणात उभी बघून इंदरदादानं भुवया उंचावल्या. मग चावी फिरवली. ती एका दमात चालू झाली आणि शांत गुरगुरत राहिली.

"अरे वा! बघितलंस? मी म्हणालो होतो ना, गाडीत काही नाही."

चारचौघांत मी नवऱ्याला अहोजाहो करते. सासरची पद्धत आहे. त्या दिवशी मी म्हणाले, "धैर्यशील, सांग यांना."

सगळ्यांनी वळून बघितलं. धैर्यशीलनं घसा खाकरला.

"गाडीत जरा प्रॉब्लेम होता. सिंक गेलं होतं."

"कशानं गेलं?" मी विचारलं.

त्यानं इंदरदादाकडं बघितलं, मग जमिनीकडं. "जातं कधीकधी."

गॅरेजमध्ये मला जेवढा संताप आला नव्हता तेवढा त्या दोन शब्दांनी आला. कालची गोष्ट एक वेळ घाबरटपणात जमा केली असती. पण आता तर सगळं माझ्यासमोर कबूल करून झालं होतं. तरी हा माणूस पुन्हा मला एकटीला सोडून त्या बाजूला जाऊन उभा राहिला होता.

मग मीच सांगितलं. फिल्टर, टाकी, फुटलेला ठिपका, खाचेतले ओरखडे, सगळं. माझा आवाज चढला होता आणि मी तो खाली आणला नाही.

"एक मिनिट," इंदरदादा हसला. "म्हणजे मी तुझी गाडी फुकट साफ करून दिली ती माझी चूक? असले स्क्रू रस्त्याच्या हादऱ्यांनी सुद्धा सैल होतात."

"हादऱ्यांनी खाचेत ओरखडे पडत नाहीत. आणि पाचगावच्या चढाला गाडी दोनदा बंद पडली ती कुणाच्या हातात होती, दादा? तुम्हाला तरी हात बसलेला असेल ना?"

त्यावर त्यानं माझ्याकडं नाही, धैर्यशीलकडं बघितलं. खाऊ की गिळू अशा नजरेनं. ती नजर अंगणातल्या प्रत्येकानं पाहिली. प्रसन्ननं मान खाली घातली.

"बरं, जाऊ दे आता," इंदरदादा म्हणाला. "माणसाकडून होतं. उगाच किती ताणायचं? ऊर्मिला, स्पितीला तुझं नाव धरतो मी. झालं समाधान?"

"तुमच्या मागं मला कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत सुद्धा यायचं नाही," मी म्हणाले.

"बघा, हे असं असतं. बायकांना घेऊन—"

"इंद्रजित." ओटीवरून वामनकाका बोलले. ते हळूच बोलले, पण तो थांबला. "मी ह्या घाटातनं जल्मभर यष्टी चालवली. गाडीत खोट असली की पुढच्या डायवरला सांगूनच खाली उतरायचो आम्ही. कितीबी दमलेलो असू दे. तुला ठावं हुतं गाडी बंद पडतीया, आनि तू हिला माझ्या म्होरं घाटात घातलीस. वर हिलाच बोललास."

"काका, मला काय माहीत होतं तुम्ही—"

"मी पडलो त्याचं सोड. हाड हाय, जुळंल." ते उठले. "ऊर्मिला, माझं हेल्मेट दे. तुझ्या मागं बसून येतो."

"काका, प्लास्टर आहे हाताला!" इंदरदादा म्हणाला. "मोटार आणलीय मी."

"त्या मोटारीत तू बस," काका म्हणाले.

पुतणी नको नको म्हणत राहिली, मीही म्हणाले. काकांनी ऐकलं नाही. पुतणीनं तिच्या ओढणीनं त्यांचा हात गळ्यात नीट बांधला, प्रसन्ननं त्यांना उचलून माझ्या मागं बसवलं, आणि "वहिनी, सावकाश," एवढंच म्हणून तो मागं झाला. ग्रुपमधल्या कुणीच इंदरदादाला जाब विचारला नाही. मी वाट बघत होते. एकानं तरी म्हणावं, दादा, हे बरोबर नाही केलंत. कुणी आपले ग्लोव्हज चढवले, कुणी फोन बघितला.

करूळ घाट मी वर चढले. कालच्या वळणावर वेग कमी केला, मूठ पूर्ण सोडली आणि मुद्दामच सोडून ठेवली. इंजिन एकसारखं चालत राहिलं. काकांनी उजव्या हातानं माझ्या खांद्यावर दोनदा थोपटलं, आणि मी पुन्हा मूठ पिळली. धैर्यशील त्याच्या गाडीवर मागून येत होता. गगनबावड्याला थांबलो, तेव्हा त्यानं पाण्याची बाटली पुढं केली. मी घेतली नाही. कणकवली सोडल्यापासून मी त्याच्याशी एक शब्द बोलले नव्हते आणि पुढं किती दिवस बोलणार नव्हते, ते मलाही माहीत नव्हतं.

काकांचं घर कळे गावात, रस्त्याच्या कडेलाच. संध्याकाळ व्हायला आली होती. मालनकाकू दारातच उभ्या होत्या. आधी त्यांनी प्लास्टर बघितलं, मग मला.

"आनि हिच्याच मागं बसून आलासा?" त्या काकांना म्हणाल्या. "अजून हौस फिटली न्हाई व्हय?"

काका काही बोलणार तेवढ्यात धैर्यशील गाडीवरून उतरला. हेल्मेट काढून पुढं आला. मी त्याला काही सांगितलं नव्हतं, त्याच्याकडं बघितलंही नव्हतं.

"काकू," तो म्हणाला, "काल ऊर्मिलानं तुमची माफी मागितली ना, ती तिनं मागायला नको होती. गाडी इंदरनं बिघडवली होती. ती बंद पडते हे मला आधीपासून माहीत होतं, आणि मी तिला सांगितलं नाही. काकांचा हात आमच्यामुळं मोडला. तिच्यामुळं नाही."

शेजारच्या घरातली माणसं बाहेर आली होती. तो त्यांच्यासमोरच बोलला, मोठ्यानं बोलला. एवढं मात्र मी त्याच्या नावावर जमा धरते.

काकूंनी माझ्याकडं नीट बघितलं. पुढं येऊन माझ्या गालावरून हात फिरवला. मग धैर्यशीलकडं वळल्या.

"काल फोनवर ही रडत हुती," त्या म्हणाल्या, "तवा तू कुठं हुतास?"

"तिथंच होतो, काकू. तिच्याशेजारी."

"मग काय करत हुतास?"

त्यानं हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. इंदरदादाच्या ग्रुपला आम्ही दोघंही पुन्हा गेलो नाही, आणि धैर्यशील आणि मी अजून एकाच घरात राहतो, बऱ्यापैकी सुखानं. पण काकूंनी विचारलेलं ते मी त्यानंतर त्याला कितीदा तरी विचारलंय. उत्तर त्यानं अजून दिलेलं नाही.